फिरून येणारी नजर

माणसाचा डोळा स्वतंत्र नाही. तो मनाचा नोकर आहे. मन ज्या कामावर पाठवील तिथे त्याला जावंच लागतं. आणि हा नोकर कुठे कुठे जाऊन आला, कुठे थांबला आणि कुठे पुन्हा गेला, यावर ज्यानं पाळत ठेवली त्याच्यापासून या जगात कुणाचंही मन लपून राहत नाही.

हे सत्य सुकदेवभाऊ देवरे यांनी सुरतेच्या कापडबाजारात, दुपारच्या चहाच्या वेळी, पुष्कळदा जाहीर केलं होतं. अगदी अलीकडे जाहीर केलं तेव्हा त्यांची नजर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर होती, त्यामुळे बिस्कीट बशीतच राहिलं आणि चहात त्यांनी स्वतःचं बोट बुडवलं.

बोट पोळलं, सिद्धांताला मात्र धक्का लागला नाही. सुकदेवभाऊ धुळ्याकडून सुरतेला आले ते विशीत. सुरुवातीला लूमवर होते, मग एका साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसायची जागा मिळाली, ती आजतागायत. गादीवर बसून साड्या उलगडणं हे काम वरवर हातांचं दिसतं. सुकदेवभाऊंच्या मते ते डोळ्यांचं होतं, आणि तेही गिऱ्हाइकाच्या.

नव्या पोरांना ते समजावत, "बाई समोर बसली की तिची पहिली नजर जाते भडक मालाकडे. लाल, पिवळं, जरीचं. ती धरायची नाही. ती डोळ्याची आपली आपण गेलेली असते, रस्त्यात फटाका वाजला म्हणजे मान वळते तशी. दुसरी नजर शेजारी बसलेल्या बाईच्या साडीकडे. तीही सोडून द्यायची, ती नुसती चौकशी. पण सगळीकडे हिंडून, पंख्यावर जाऊन, आरशात जाऊन, जी नजर फिरून एका जागी येते ना, ती मनानं पाठवलेली. तिथली साडी काढायची, घडी मोडायची आणि पदर तिच्या मांडीवर टाकायचा. बोलायचं नाही. बोललास की डोळा सावध होतो."

आणि साडी बहुतेक वेळा जायची. जायची नाही तेव्हा बाईला स्वतःचं मन कळलेलं नाही, असं सुकदेवभाऊ धरून चालत. सिद्धांत चांगला असला म्हणजे त्यात अशी सोय असते.

तर अशा माणसाच्या लिंबायतमधल्या घरी एका रविवारी मुलगी बघायला पाहुणे येणार होते.

मुलगी म्हणजे वर्षा. बारावी झालेली, आईबरोबर साड्यांना फॉल लावणारी, बोलायला कमी आणि बघायला तरतरीत. तिच्यासाठी याआधी दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही एकाच कारणानं फिसकटली होती. दोघांनीही "आमची काही मागणी नाही" असं सांगितलं होतं, आणि सुकदेवभाऊंनी ते खरं मानलं होतं.

खानदेशातून सुरतेला येऊन स्थिरावलेल्या मंडळींत 'काही नको' याच्याइतकं महागडं वाक्य दुसरं नाही. जो मागतो त्याच्याशी घासाघीस तरी करता येते. 'काही नको' म्हणणाऱ्याच्या मनातलं ओळखावं लागतं, वेळेवर ओळखावं लागतं, आणि वर 'नाही नाही, हे तुम्ही घ्याच' म्हणत त्याच्या गळ्यात घालावं लागतं. सुकदेवभाऊंनी दोन्ही वेळा पाहुण्यांचा शब्द प्रमाण मानून हात जोडून निरोप दिला. पाहुणे गेले ते गेलेच.

आता आलेला मुलगा होता गोपाल निकम. एका प्रोसेसिंग मिलमध्ये रंगमास्तरच्या हाताखाली होता. गेल्या नवरात्रात गल्लीच्या गरब्यात वर्षानं त्याला पाहिलं होतं आणि त्यानंही तिला. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण स्थळाचा निरोप आला त्या संध्याकाळी वर्षानं भातात दोनदा मीठ घातलं आणि तो खारट भात स्वतःच हसत हसत खाल्ला.

वर्षाची आई रंजनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हे मोडलं ना, तरी पोरगी तोंडातून शब्द काढायची नाही. पण मग पुढचं स्थळ तुम्ही आणू नका. मी दार उघडणार नाही."

निरोप दगानं आणला होता. दगा हा नात्यातला मध्यस्थ. त्यानं जमवलेली लग्नं टिकत आणि मोडलेली लोक विसरत. सुकदेवभाऊंनी त्याला एकच विचारलं, "काय म्हणाल्या धुरपदाबाई?"

"काही नको म्हणाल्या."

"नक्की?"

"दोनदा म्हणाल्या."

एकदा 'काही नको' म्हणणाऱ्याला टीव्हीवर भागवता येतं. दोनदा म्हणणारीची झेप कुठवर असेल?

धुरपदाबाई म्हणजे गोपालची आई. लिंबायतच्या त्या भागात तिचं नाव घेतलं की टँकरवरची रांग आपोआप सरळ होई. प्लेगच्या वर्षी अर्धी वस्ती गाड्या भरभरून गावाकडे पळाली, तेव्हा ही बाई मागे राहिली आणि हातात झाडू घेऊन गल्लीभर उंदरांच्या मागे फिरली. एकदा घरात शिरलेल्या चोराला तिनं कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याकडून तुरीच्या शेंगा सोलून घेतल्या. शेंगा कमी पडल्या, असं लोक सांगतात. अशा बाईला 'तुमच्या मनात काय आहे' असं तोंडावर विचारायची कुणाची छाती होणार?

"पण डोळे," सुकदेवभाऊ रंजनाबाईंना म्हणाले, "डोळे तर तिलाही असतीलच ना?"

रविवारी बाजार बंद. सकाळपासून सुकदेवभाऊ घरातलं सामान ओढत होते. दोन खोल्यांतलं जे जे मिरवण्यासारखं होतं ते पुढच्या खोलीत एका भिंतीला लागलं. दाराजवळ टीव्ही, त्याच्या वर दर तासाला वाजणारं घड्याळ, त्याच्या शेजारी लोखंडी कपाट आणि पलीकडे रंजनाबाईंचं शिलाई मशीन.

"हे काय चालवलंय?" रंजनाबाई पोळपाट हातात घेऊन बाहेर आल्या.

"माल मांडतोय."

"कोणता माल?"

"अगं, तिला काय पाहिजे ते ती सांगणार नाही. पण सगळं समोर असलं की तिचा डोळा सांगेल. हिंडून हिंडून जिथे तो फिरून आला, ती वस्तू आपण आपणहून द्यायची. तिनं मागायच्या आत. घरातलं एक काहीतरी जाईल, पण पोरीचं होऊन जाईल."

"आणि माझं मशीन कशाला ओढलंत तिथे?"

"भिंत भरलेली दिसते."

"मशीन माझं आहे."

"फक्त दिसायला ठेवलंय गं. मशीनकडे कोण बघतंय?"

कपाट वर्षानुवर्षांच्या जागेवरून ओढलं तेव्हा त्याच्यामागे काहीतरी सळसळलं. जुना पेपर असेल असं सुकदेवभाऊंना वाटलं. त्यांचं लक्ष त्या वेळी मांडणीत होतं.

समोरच्या बाजूला पाहुण्यांसाठी पलंग, त्याच्यावर न वापरलेली चादर. स्वतःची खुर्ची सुकदेवभाऊंनी भिंतीकडे पाठ करून ठेवली. पाठीशी माल आणि समोर गिऱ्हाइकाचे डोळे, अशी दुकानातल्यासारखीच बैठक जमली. मग त्यांनी वर्षाला बोलावून सूचना दिल्या. मान खाली ठेवायची. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

"आणि विचारलं तर?"

"तर थोडं बोलायचं."

चार वाजता पाहुणे आले. पुढे हिरवं लुगडं नेसलेल्या धुरपदाबाई, मागे त्यांचे यजमान सखाराम निकम, जे धुरपदाबाई श्वास घ्यायला थांबल्या की तेवढ्यात बोलून घेत, आणि त्यांच्यामागे इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला गोपाल.

"या, या. प्रवास कसा झाला?" सुकदेवभाऊंनी टोपी सारखी करत विचारलं.

"पुढच्या गल्लीतून आलो," सखाराम म्हणाले.

धुरपदाबाई पलंगाच्या बरोबर मधोमध बसल्या, त्यामुळे बापलेकाला दोन टोकं आली. वर्षा स्टीलच्या ताटात खमण ढोकळ्याच्या बश्या घेऊन आली, चहा आला, आणि सुकदेवभाऊ कामाला लागले.

आधी त्यांनी गोपालला तपासलं. त्याची नजर खमणावर गेली, मग वर्षावर, मग पंख्यावर, मग चपळाईनं पुन्हा वर्षावर. फिरून आली! पोरगा पास झाला. पोरगा तसाही पास होता. खरी परीक्षा मधोमध बसली होती.

धुरपदाबाईंची पहिली नजर वर्षाच्या चेहऱ्यावर पडली, दुसरी तिच्या हातांवर. रीतसर होतं ते. "नाव काय बाळा?" "शिक्षण किती?" "स्वयंपाक येतो?" वर्षानं थोडं थोडं सांगितलं. आणि मग बोलता बोलता धुरपदाबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

सुकदेवभाऊंनी ती सोडून दिली. घड्याळाकडे माणूस बघतोच.

नजर खमणावर आली. आणि पुन्हा घड्याळाकडे गेली. वर्षाकडे आली, आणि पुन्हा घड्याळाकडे गेली. या खेपेला तिथेच राहिली.

सुकदेवभाऊंच्या जिवात जीव आला. घड्याळ! एवढंच? एवढ्यासाठी आपण आठ दिवस झोपलो नाही? ते खाकरले आणि अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "घड्याळ नवंच आहे तसं. वेळ बिनचूक दाखवतं. वर्षाबरोबर तुमच्याकडेच येईल ते."

"हूं," धुरपदाबाई म्हणाल्या. आणि त्यांची नजर घड्याळावरून सावकाश खाली उतरून टीव्हीवर गेली.

गिऱ्हाईक 'हूं' म्हणून एक साडी बाजूला ठेवतं आणि दुसऱ्या साडीकडे बघतं, याचा अर्थ गादीवर बसणाऱ्याला शिकवावा लागत नाही. पहिली घेतली, आता दुसरी दाखवा.

टीव्हीकडे धुरपदाबाई ज्या तऱ्हेनं बघत होत्या त्यानं सुकदेवभाऊ चकितच झाले. पडद्याकडे ही बाई बघतच नव्हती. तिची नजर टीव्हीच्या डाव्या कडेला खिळली होती. कपबशी हातात तशीच, पापणी लवत नव्हती. मग ती नजर एकदम उडी मारून उजव्या कडेला गेली आणि तिथे जाऊन बसून राहिली, एखादं गिऱ्हाईक येणार म्हणून दलाल आधीच कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो तशी. 'कंपनी बघते, बटणं बघते,' सुकदेवभाऊंनी मनात नोंद केली. 'पोचलेली बाई आहे.'

"टीव्हीसुद्धा," ते म्हणाले, "आम्हाला काय करायचाय? दिवसभर मी दुकानात, ही कामात. तो पण पोरीबरोबरच जाऊ दे."

"अहो, आमच्याकडे आहे टीव्ही," गोपाल घाईघाईनं म्हणाला.

"हूं," त्याची आई म्हणाली. नजर कपाटाकडे गेली.

स्वयंपाकघराच्या दारात रंजनाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी गप्प झाला असता. सुकदेवभाऊंचं लक्ष तिकडे नव्हतं. धुरपदाबाई आता कपाटाचा माथा बघत होत्या. मग कपाट आणि भिंत यांच्यामधली फट. मग खाली पायांपाशी. मग पुन्हा फट. सखाराम काहीतरी बोलू लागले, "हिला काय आहे, की पहिल्यापासून..." आणि बायकोचं कोपर बरगडीत बसल्यामुळे त्यांनी उरलेलं वाक्य खमणाबरोबर गिळलं.

'पहिल्यापासून कपाटाची हौस!' सुकदेवभाऊंनी वाक्य पुरं करून घेतलं. "कपाट पण तुमचंच समजा," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "पत्रा जाड आहे. आतले कपडे तेवढे आम्ही काढून घेऊ."

"हूं," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि कपाटामागून त्यांची नजर निघाली ती थेट शिलाई मशीनवर जाऊन थांबली.

या मशीनवर रंजनाबाई लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बसल्या त्या अजून उठल्या नव्हत्या. दुकानातल्या साड्यांचे फॉल त्यावर लागले, वर्षाची शाळा त्यावर झाली, घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला त्यातला अर्धा त्या मशीनचा होता. घरात अहिराणी बोलायची आणि पाहुण्यांपुढे पुस्तकातली मराठी, असा रंजनाबाईंचा दंडक होता. तो या क्षणी मोडला.

"काय करी राहिनात तुम्ही?" त्या दारातूनच म्हणाल्या.

सुकदेवभाऊंनी बायकोकडे बघितलं नाही. बघवलं नाही. त्यांनी वर्षाकडे बघितलं. तिची मान सांगितल्याप्रमाणे खाली होती. रिकामं ताट तिनं मांडीवर उभं धरलं होतं आणि त्या चकचकीत ताटात ती एकटक काहीतरी बघत होती. ताट पलंगाच्या बाजूला कललेलं होतं, आणि पलंगावर गोपाल होता. बापाला जे समजायचं ते समजलं.

"मशीन," सुकदेवभाऊ म्हणाले, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "मशीन पण घ्या."

धुरपदाबाईंनी या वेळी हूं सुद्धा म्हटलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांची नजर मशीनवरून भिंतीवर चढली, ट्यूबलाइटपाशी गेली, ट्यूबलाइटच्या कडेकडेनं सरकली आणि बरोबर सुकदेवभाऊंच्या डोक्याच्या वर येऊन थांबली. तिथून ती हलेना.

सुकदेवभाऊंच्या डोक्यावर काय होतं? घड्याळ नाही, फोटो नाही. वर होता तो स्लॅब.

घर! बाई घर मागत होती!

सुकदेवभाऊंच्या डोळ्यांपुढून शहराच्या पार टोकाला, कोसाडमधली एखादी भाड्याची खोली सरकून गेली. खोलीत काहीही सामान नव्हतं, कारण ते सगळं आधीच देऊन झालं होतं. नुसत्या फरशीवर रंजनाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले.

"ताई," ते कसंबसं म्हणाले, "घर सोडून काय पाहिजे ते सांगा."

"हलू नका," धुरपदाबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

घर मागायची ही रीत सुकदेवभाऊंना फारच कडक वाटली. पण ते हलले नाहीत. आणि त्याच वेळी त्यांच्या टोपीवर काहीतरी मऊ पडलं. थप्प.

"ओ माय वं!" धुरपदाबाई किंचाळल्या. "पाल! पाल शे! टोपीवर शे!"

आणि प्लेगला न घाबरलेली ती बाई, हिरव्या लुगड्याचा ओचा सावरत, पलंगावर ताठ उभी राहिली. सखारामना तिनं दंडाला धरून ढालीसारखं पुढे ओढलं. खमणाची बशी चादरीवर पालथी झाली. सुकदेवभाऊ हात जोडलेल्या स्थितीतच गोठले होते. टोपीवर पाल आहे या बातमीपेक्षा घर वाचलं ही बातमी त्यांच्या डोक्यात आधी शिरली, आणि एवढ्या गडबडीत त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

ताट खाली ठेवून वर्षा उठली. तिनं वडिलांच्या डोक्यावरची टोपी दोन्ही कडांनी अलगद मिटली, साडीची घडी घालावी तशी, आणि उचलली. दारात गेली. टोपी झटकली. परत आली, टोपी वडिलांच्या हातात दिली आणि जागेवर बसून मान खाली घातली.

"गेली?" पलंगावरून प्रश्न आला.

"गेली," वर्षा म्हणाली. थोडं बोलायचं असं ठरलं होतं.

धुरपदाबाई खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग त्यांना सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसलं आणि त्यांनी ते सखारामवर काढलं. "दात काय काढताय?"

"मी कुठे? मी मघाशीच सांगणार होतो यांना, की हिला पहिल्यापासून पालीचं..."

"गप बसा!" मग सुकदेवभाऊंकडे वळून, जरा खालच्या पट्टीत, "काय करू भाऊ. उंदीर असला तर मी धरते. साप असला तरी बघून घेईन. उंदीर बिचारा पळतो तरी. ही नुसती बसून राहते, आणि कुठे बघतेय ते कळत नाही. आल्या आल्या दिसली, घड्याळाच्या मागे जाताना. बघायला आलेल्या घरी पहिल्याच भेटीत पाल पाल म्हणून कसं ओरडायचं? म्हटलं, नजर ठेवू. ती टीव्हीमागे गेली, आता कुठून निघते? कपाटामागे गेली, आता कुठून निघते? डोळा हलवायची सोय नाही. तुम्ही काय काय बोलत होतात, त्यातलं अक्षर डोक्यात गेलं नाही."

"अक्षर नाही?" सुकदेवभाऊंनी विचारलं.

"थोडं गेलं. भाऊ, राग मानू नका, पण तुम्ही सामान विकायला काढलंय का?"

स्वयंपाकघराच्या दारातून रंजनाबाईंचं हसू फुटलं ते थांबेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजार, गादी, पहिली नजर, दुसरी नजर, फिरून येणारी नजर. सांगताना सुकदेवभाऊंना स्वतःचाच सिद्धांत पहिल्यांदा जरा लांबलचक वाटला.

"अहो, पण मी दगाला सांगितलं होतं ना, काही नको म्हणून?"

"दोनदा सांगितलंत. म्हणून तर..."

"त्याला कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगितलं!"

सुकदेवभाऊ खुर्चीत मागे रेलले. पाठीशी घड्याळ होतं, टीव्ही होता, कपाट होतं. सगळं घरचंच होतं. कोसाडची खोली आली तशी विरून गेली. समोरचा चहा केव्हाच थंड झाला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला आणि असा चहा आपण उभ्या जन्मात प्यालो नाही असं त्यांना वाटलं. रंजनाबाई येऊन मशीनशेजारी बसल्या आणि मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "दुकानात बाया साडीकडे बघतात ना, ते दुकानात पाली नसतात म्हणून."

"लक्ष होतं हे तर मी बरोबर ओळखलं होतं की नाही?" सुकदेवभाऊ म्हणाले.

"ओळखलंत. कशावर होतं, एवढंच राहिलं."

"वर्षा, तुला दिसली होती ती?"

"ताटात दिसत होती. तुमच्या मागची सगळी भिंत दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

मशीन देण्याइतपत वर्षाच्या ज्या नजरेनं आपल्याला पाघळवलं तीसुद्धा पालीकडेच होती, हे सुकदेवभाऊंच्या ध्यानात आलं. आणि मग त्यांनी पाहिलं की वर्षा आता ताटाशिवाय, सरळ मान वर करून पलंगाकडे बघते आहे आणि हसू दाबते आहे. कारण पलंगावर अजून एकजण उभा होता. गोपाल केव्हा वर चढला होता हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं; त्याच्याही नाही. तो खाली उतरला, चादर सारखी केली आणि चादरीवरचं खमण वेचून बशीत भरू लागला. वर्षा तोंडाला पदर लावून आत पळाली.

धुरपदाबाईंनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. मग घरातल्या वस्तूंकडे न बघता, सरळ सुकदेवभाऊंच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "पोरगी पसंत आहे. आजच सांगते. माझ्या घरात पालीला हात लावणारं एक माणूस नाही. तिघंही पलंगावर चढतो आम्ही. दिवाळीत तर आम्ही रात्रभर तिथेच होतो. काही आणायची गरज नाही भाऊ, तिला तेवढी पाठवा."

"एखादं घड्याळ तरी..." सुकदेवभाऊ सवयीनं म्हणाले.

"अजिबात नको. त्याच्यामागे तर ती बसते!"

रंजनाबाईंनी साखर आणली. आधी धुरपदाबाईंच्या हातावर ठेवली, मग सखारामांच्या, मग गोपालच्या. शेवटी नवऱ्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवताना त्या अगदी हळू म्हणाल्या, "मशीन आपल्या जागेवर न्या आधी." सुकदेवभाऊंनी मान डोलावली. आज त्यांना संबंध कपाट एकट्यानं उचलून जागेवर ठेवता आलं असतं. व्याही म्हणून हाक मारली गेली, विहीण म्हणून हाक मारली गेली, तारखेचं दगाशी बोलायचं ठरलं, मोठ्या आवाजात.

सखाराम उठले. गोपाल उठला. धुरपदाबाई उठल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला, पिशवी घेतली आणि दाराकडे पाहिलं. मग रंजनाबाईंशी दोन शब्द बोलल्या आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. पिशवीचे बंद नीट केले आणि पुन्हा पाहिलं.

फिरून आली.

सुकदेवभाऊंनी मनात हिशेब केला. दार सागवानी होतं.

"व्याही," धुरपदाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "काही नको म्हटलं होतं, पण आता एक मागणं आहे. नाही म्हणू नका."

रंजनाबाईंचा हात मशीनवर गेला. सुकदेवभाऊंनी मात्र या वेळी विहीणबाईंच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्यांनी मान वळवून, त्या जिथे बघत होत्या तिथे बघितलं. दाराच्या चौकटीवर, बरोबर मधोमध, टोपीतून झटकलेली ती निवांत बसली होती आणि कुठे बघत होती ते कळत नव्हतं.

"माझ्या चपला तेवढ्या मागच्या दाराला आणून देता का?"